आईच्या पासपोर्टवरचा शिक्का

पासपोर्ट पोस्टानं आला तेव्हा आईनं तो आधी डोळ्यांना लावला आणि मग माझ्या हातात दिला. मी पानं उलटली. एका पानावरचा शिक्का वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ही व्यक्ती आखाती देशांत वगैरे जाणार असेल, तर निघण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असा त्या शिक्क्याचा अर्थ होता. शिक्षण कमी असलेल्यांच्या पासपोर्टवर तो मारत. मी बी.कॉम. झालेली, माझा पासपोर्ट काढला असता तर त्यावर तो बसला नसता. मी बॅग उचलून दुसऱ्या दिवशी विमानात बसू शकले असते. माझ्या आईला मात्र आधी कुणाला तरी विचारावं लागणार होतं.

"काय लिवलंय गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. सगळ्यांच्यावर असतं," मी म्हणाले.

आईला अशी उत्तरं द्यायची मला सवयच होती. ती दुसरीपर्यंत शिकलेली. महाडकडच्या गावातून लग्न होऊन ठाण्यात आली आणि वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कंपनीत वीस वर्षं पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पट्टीत एक गोळी कमी असली तर लांबून ओळखायची. पण कागदावरचं काही विचारलं की आम्ही बहिणी "काही नाही" म्हणून मोकळ्या व्हायचो. समजावत कोण बसणार?

तिला जायचं होतं शारजाला, फक्त सव्वा महिन्यासाठी. माझी मोठी बहीण, ताई, लग्नानंतर डोंबिवलीला सासरी होती. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, कल्याणच्या हॉस्पिटलात. ती रात्र आणि त्यानंतरचे आठ दिवस आई तिच्या खाटेपासून हलली नव्हती. भाऊजी एसी दुरुस्तीच्या कामावर शारजाला गेले, दोन वर्षांनी ताईलाही तिकडे घेऊन गेले, आणि तिथं तिला पुन्हा दिवस राहिले. बाळंतपणाला माहेरीच यायचं ठरलं होतं. आईनं बाळंतशेपा भाजून ठेवल्या होत्या, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली होती. मग तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, विमानप्रवास बंद, जास्त उठबसही करायची नाही.

ताईचा फोन आमच्या वर्तकनगरच्या नाक्यावरच्या एसटीडी बूथवर आला. मिनिटामागे किती पैसे पडतात हे तिला ठाऊक, त्यामुळे ती पटापट बोलायची. त्या दिवशी बोललीच नाही. नुसती रडली आणि शेवटी म्हणाली, "आई, या वेळी तू पाहिजेस गं."

"येते," आई म्हणाली. पासपोर्ट म्हणजे काय तेही तिला तेव्हा माहीत नव्हतं.

शेजारणींनी नाकं मुरडली. जावयाच्या घरी जाऊन राहणार? लेकीचं बाळंतपण जावयाच्या दारात? आई म्हणाली, "लेक येऊ शकत नाय तर माहेरानं जायला नको?" आणि विषय मिटवला. माझ्या आईला वाद घालता यायचा नाही, पण तिनं एकदा ठरवलं की ठरवलं.

त्या शिक्क्याचं काय करायचं हे विचारायला मी अर्धी रजा टाकून मुंबईच्या त्या सरकारी ऑफिसात गेले. खिडकीपलीकडच्या माणसानं पासपोर्ट बघितला आणि विचारलं, "शिक्षण?"

"दुसरी."

"मग शिक्का बरोबर आहे."

"अहो, ती नोकरीला नाही चालली. लेकीचं बाळंतपण आहे."

"सगळ्या बायका असंच सांगतात, मॅडम. बहिणीकडे चालले, लेकीकडे चालले. तिकडे जाऊन घरकामाला लागतात, मग मालक पासपोर्ट काढून घेतो. हे त्यांच्या संरक्षणासाठी आहे."

संरक्षण! त्या शब्दानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईची कंपनी रातोरात बंद झाली, तेव्हा गेटबाहेर उभ्या राहिलेल्या दीडशे बायकांचं संरक्षण करायला कोण आलं होतं? वडील गेल्यावर दोन मुली घेऊन ती एकटी राहिली, तेव्हा कुणाला तिची काळजी वाटली? आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या इच्छेनं कुठं तरी निघाली होती, आणि नेमकं तेव्हाच सगळ्या देशाला तिच्या संरक्षणाची आठवण झाली. बायका तिकडे फसवल्या जात होत्या हे खोटं नव्हतं. आमच्याच कॉलनीतली एक जण चार महिन्यांत हाडांचा सापळा होऊन परत आली होती, मला सगळं माहीत होतं. पण त्या माणसानं आईचं तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं. त्यानं फक्त शिक्षणाचा रकाना बघितला होता.

मी तिथं बरंच बोलले. मोठ्यानं बोलले. मागच्या रांगेतले लोक आधी हसले, मग वैतागले. त्या माणसानं शांतपणे एक यादी माझ्यापुढं सरकवली. व्हिसाची प्रत, जाण्यायेण्याचं तिकीट, जावयाचं प्रतिज्ञापत्र, आणि अर्जदार स्वतः हजर. एवढं आणलं तर एका प्रवासापुरती त्या शिक्क्यातून सूट मिळणार होती.

व्हिसा भाऊजींच्या कंपनीमार्फत निघायचा होता. तिकडची पद्धत अशी की मूळ व्हिसा तिथल्या विमानतळावर ठेवायचा आणि इकडे त्याची नक्कल फॅक्सनं पाठवायची. त्या नकलेवर इथलं सगळं काम व्हायचं. एक गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद, पण त्याच्यावाचून आई हलू शकत नव्हती.

फॅक्स एका गुरुवारी संध्याकाळी बूथवर आला. मी कंपनीतून परतताना तो घेतला. अर्ज सोमवारी द्यायचा होता, कारण तिकीट शनिवारी हातात पडणार होतं. विमान पुढच्या गुरुवारचं. ताईला नववा लागून आठवडा झाला होता. सगळं अगदी बेताबेतानं, पण बसत होतं. घरी आल्यावर मी कागद आईच्या हातात दिला.

"हा तुझा व्हिसा. नीट ठेव," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

आता आमच्या घरात नीट ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी आम्ही बाळकुमला भाड्याच्या खोलीत राहायचो. एका पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी शिरलं आणि वडिलांचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळा लगदा झाला. ते कागद परत मिळवायला वडिलांनी गाव आणि तहसील कचेरी अशा किती फेऱ्या मारल्या, त्याला गणती नाही. ताईचं एक वर्ष त्या दाखल्यापायी वाया गेलं. तेव्हापासून आईनं कागदांचा ध्यास घेतला. लॅमिनेशनची टूम निघाल्यावर तिनं घरातला एकेक कागद नेऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला. माझ्या मार्कशिटा, वडिलांचा मृत्यूचा दाखला, माझ्या टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. आमच्या वस्तीत घरोघरी तेच होतं. ज्यांच्या मागच्या सात पिढ्यांकडे एक कागद नव्हता, त्यांना कागद मिळाल्यावर तो काचेत ठेवावासा वाटणारच. कॉलेजात एकदा क्लार्कनं मला झापलं होतं की लॅमिनेशन केलेल्या मूळ प्रतीवर शिक्का कसा मारायचा? तेही मी आईला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी इस्टेटला सुट्टी आणि आमच्या भागात दिवसभर वीज बंद. झेरॉक्सचं दुकान उघडलंच नाही. शनिवारी मी कामावर गेले. येताना तिकीट घेतलं आणि खुशीत घरी आले. आई दारातच उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ताईचंच काही तरी झालं.

"बाय, बघ ना काय झालं," असं म्हणून तिनं माझ्यासमोर प्लॅस्टिकचा एक चौकोन धरला. आत काळाकुट्ट कागद होता. एक अक्षर दिसत नव्हतं. चारही कडा सुबक कापलेल्या, कोपरे गोल केलेले. "मशिनीत घातला तवा पांढरा होता. भायर आला तो असा. तो पोरगा पण घाबरला."

फॅक्सचा कागद उष्णतेवर चालतो. लॅमिनेशनच्या तापलेल्या रुळांतून गेला की सबंध काळा होतो.

मी आईवर ओरडले. नुसती ओरडले नाही, तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या तरी थांबले नाही. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? विचारायचं नाही का? ताईच्या जिवावर उठलीयस का? अडाणी ती अडाणीच! बरोबर मारलाय त्यांनी तो शिक्का!"

आईनं तो चौकोन पदरानं पुसला, जणू काही पुसल्यानं अक्षरं वर येणार होती.

आता खरं काय ते लिहिते. गुरुवारी संध्याकाळी बूथवाल्यानं कागद माझ्या हातात देताना मला बजावलं होतं. "मॅडम, ये गरमी का कागद है. इस्त्रीजवळ ठेवू नका, उन्हात ठेवू नका, लॅमिनेशन तर बिलकुल नको. पहिली झेरॉक्स काढून घ्या." मी "हो हो" म्हटलं होतं. घरी येऊन आईला एवढंच सांगायचं होतं की याला गरमी चालत नाही. वीस वर्षं औषधं हाताळलेल्या बाईला ते एका वाक्यात कळलं असतं. कुठली गोळी थंड जागी ठेवायची ते तिला पाठ होतं. पण मी सांगितलं नाही, कारण तिला काय कळणार, असं मला वाटलं. खिडकीपलीकडच्या त्या माणसालाही नेमकं तेच वाटत होतं. त्याच्याशी मी भांडून आले होते.

हे मला त्या क्षणी आठवलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ओरडता ओरडता आठवलं, आणि म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले.

भाऊजींना फोन लावला. कंपनीत व्हिसाचं काम बघणारा माणूस दुसऱ्या शहरात गेलेला, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. दुसरा फॅक्स आला मंगळवारी संध्याकाळी. मी बूथशेजारच्या दुकानात उभं राहून पाच झेरॉक्स काढल्या. बुधवारी सकाळी आईला घेऊन मुंबई गाठली. खिडकीवर तोच माणूस. या वेळी त्यानं आईला विचारलं, "शिकलात किती?"

आईला हा प्रश्न कुणी विचारला की ती ताठ होऊन सांगायची, "दुसरी पास." त्यात तिला अभिमान होता. तिच्या गावातल्या तिच्या वयाच्या मुलींत शाळेचा उंबरठा ओलांडलेली ती एकटीच. त्या दिवशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अडाणी हाय साहेब."

त्यानं रकान्यात ‘निरक्षर’ लिहिलं. "अहो, दुसरी, दुसरी शिकलीय," मी म्हणाले. "त्यानं काय फरक पडतो?" तो म्हणाला, आणि खरंच काही पडत नव्हता. फक्त मला त्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि ती मी धरूही शकत नव्हते, कारण तो शब्द आईच्या तोंडात त्यानं घातला नव्हता.

शिक्क्यातून सूट मिळाल्याचा कागद शुक्रवारी मिळाला. गुरुवारचं विमान तोवर गेलं होतं. पुढची जागा मंगळवारची. आईनं डिंकाचे लाडू नव्यानं बांधले, भाऊजींनी बजावल्याप्रमाणे खसखस न घालता. तिकडे खसखस पकडली तर तुरुंगात टाकतात म्हणे. ते मात्र मी तिला दोन वेळा नीट समजावून सांगितलं.

रविवारी दुपारी बूथवाल्याचं बोलावणं आलं. आम्ही दोघी धावत गेलो. ताई बाळंत झाली होती. मुलगी. बाळ बरं होतं, ताईही बरी होती. पण पहाटे एकदम त्रास सुरू झाला, भाऊजी लांबच्या साइटवर, शेजारच्या घरातली मल्याळी बाई तिला टॅक्सीतून घेऊन गेली. पोट कापायचं ठरलं तेव्हा कागदावर सही ताईनं स्वतःच केली. भूल देताना तिचा हात धरायला कुणी नव्हतं. हे सगळं ती आईला सांगत होती आणि रिसीव्हरमधून मला ऐकू येत होतं. "मला वाटलं, मागच्यासारखंच होणार. मी तुला हाका मारत होते गं. का नाही आलीस? एक कागद सांभाळता आला नाही तुला?"

भाऊजींनी तिला सांगितलं होतं. भाऊजींना मी सांगितलं होतं, शनिवारी फोनवर, पहिल्याच वाक्यात: "आईनं व्हिसाचं लॅमिनेशन केलं."

"चुकलं माझं," आई म्हणाली. "माझ्यामुळंच झालं."

मग रिसीव्हर माझ्याकडे आला. "तू तरी लक्ष ठेवायचं होतंस तिच्यावर," ताई म्हणाली. मी म्हणाले, "हो ना." तेवढंच. बूथवाला आलेल्या फोनचेही मिनिटावर पैसे घ्यायचा. मिनिटं मोजणारं ते यंत्र माझ्यासमोर पळत होतं आणि त्याच्याआड मी लपले. बूथवाला काचेपलीकडून आमच्याकडे बघत होता.

आई मंगळवारी गेली. एकटी गेली, विमान बदललं, तिकडच्या खिडकीवर व्हिसाची झेरॉक्स दाखवून मूळ कागद घेतला, सव्वा महिना ताईला आणि बाळाला सांभाळून ठरल्या दिवशी परत आली. कुणी तिला फसवलं नाही, कुणी घरकामाला ठेवून घेतलं नाही. तिच्या संरक्षणासाठी कासावीस झालेल्या सरकारला हे कळवावं असं मला फार वाटलं. पत्रही टाइप केलं होतं. पाठवलं नाही.

ताईचा राग सरला, पण किस्सा राहिला. आधी ताई तो चिडून सांगायची, मग हसून. डोंबिवलीच्या सासरी पाहुणे आले की सांगायची, शारजाच्या मैत्रिणींना सांगायची. आमच्या आईनं व्हिसा भाजला. सगळे पोट धरून हसायचे, आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी मी सगळ्यांबरोबर हसायचे आणि मग नंतर दोन दिवस घरात आदळआपट करायचे. आई विचारायची, "कंपनीत काय झालं का?"

भाचीचा पाचवा वाढदिवस डोंबिवलीला झाला. ताई सुट्टीवर आलेली, घर माणसांनी भरलेलं. केक कापून झाल्यावर किस्सा निघालाच. या वेळी भाचीनं विचारलं, "आजी, तू खरंच माझ्या वेळी कागद जाळलास?" आई म्हणाली, "हो गं राणी, तुझी आजी अडाणी ना."

मी स्वयंपाकघरात गेले. आई मागोमाग आली, वेफर्सच्या बश्या भरायला लागली. मी म्हणाले, "आई, मी आज सांगणार आहे त्यांना. मला माहीत होतं त्या कागदाला गरमी चालत नाही. त्या बूथवाल्यानं मला सांगितलं होतं."

"ठाव हाय मला," आई म्हणाली.

"काय?"

"त्या रविवारी फोन झाल्यावर तू पैसे देऊन पुढं गेलीस. तो मला म्हणाला, आजी, मी मॅडमना बोललो होतो." तिनं बशी पुढं सरकवली. "असू दे. मला लोक अडाणी म्हणतात तर त्यात नवं काय? तुला कोणी म्हटलं असतं तर मला नसतं सोसलं. एवढी शिकवली तुला."

पाच वर्षं हे ठाऊक असून ती आमच्या हसण्यात हसत होती. मला तिचा इतका राग आला की हातातली बशी फेकावीशी वाटली. ओरडायचं तेव्हा का ओरडली नाही ही बाई माझ्यावर?

मी तशीच बाहेर गेले आणि सगळ्यांच्या देखत ताईला सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. बूथवाला काय म्हणाला, मी आईला काय सांगितलं नाही, सगळं. ताईनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"पुरे गं! आईला वाचवायला किती खोटं बोलशील?" ती म्हणाली. "तू एवढी शिकलेली, तुझ्याकडून असं होईल का कधी?"

सगळे पुन्हा हसले. स्वयंपाकघराच्या दारात आई बश्या घेऊन उभी होती. तीही हसत होती.